जाग आल्यानंतरची दोन सेकंदं

नोव्हेंबरात वोर्म्सी बेटावर
सूर्य उशिरा कामावर येतो, लवकर निघून जातो,
आणि धक्क्यावरच्या खोपटातली बॅटरी
त्याच्या रजांमुळे अर्धपोटी राहते.

म्हणून विल्वेनं लॅपटॉपला झोपेची सवय लावली.
तासातली पन्नास मिनिटं डोळे मिटायचे,
दहा मिनिटं उघडायचे,
पाण्यात सोडलेलं मापक काय म्हणतंय ते ऐकायचं
आणि लिहून ठेवायचं, सेंटिमीटरमध्ये.
इथं भरती-ओहोटी नावालाच.
समुद्र चढतो-उतरतो तो वाऱ्याच्या सांगण्यावरून.

मंगळवारी रात्री नैऋत्येचा वारा सुटला.
हिल्लरची होडी धक्क्यावर येऊन आडवी झाली,
त्याच्या तळघरात बटाटे तरंगले,
आणि सकाळी नोंदीत बघावं तर
एकेचाळीस, एकेचाळीस, एकेचाळीस.
रात्रभर समुद्र जागचा हललाच नव्हता.

हिल्लर पडद्याकडे बघत उभा.
बुटांतून पाणी गळतंय.
"एकेचाळीस," तो म्हणाला,
आणि त्या दिवसापुरता त्याचा बोलण्याचा कोटा संपला.

ती खाली बसली,
बोटं कापलेले हातमोजे, गुडघ्यांवर लॅपटॉप.
मापक ठीक. वायर ठीक.
करंगळीएवढा यूएसबी अडॅप्टर, त्याचा हिरवा दिवाही ठीक.

मग कळत गेलं, हळूहळू, दुपार उलटताना.
झोपताना पोर्टची वीज गेली,
उठताना आली.
लॅपटॉपच्या लेखी जुनं बिऱ्हाड हललं होतं
आणि कुणी नवखं दार वाजवत होतं.
पण प्रोग्रामनं झोपेतही
शून्य क्रमांकाची कडी घट्ट धरून ठेवलेली;
सोडायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
खोली रिकामी, ताबा मात्र त्याचा.
तेव्हा आलेल्याला मिळाला क्रमांक एक.
एकच्या दारात उभं राहून
मापक रात्रभर खरं ते सांगत राहिलं.
काय सांगितलं, आता कधीच कळायचं नाही.
आणि प्रोग्राम, शून्याच्या दाराला कान लावून,
शेवटचं ऐकलेलं पुटपुटत होता.

झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही.
तिच्या भाषेत ही म्हण आहे की नाही, ठाऊक नाही.
मी माझ्याकडची दिली.

तिनं नियम लिहिला:
कितव्या दारानं आलं ते बघू नकोस,
पोटावरचा अनुक्रमांक बघ,
आणि कुठूनही येवो, एकाच नावानं हाक मार.
नाव ठेवलं वेसी. म्हणजे पाणी.
झोपण्याआधी मूठ सोड.
उठल्यावर लगेच अंगावर धावू नकोस, दोन सेकंद थांब,
त्याला स्वतः कोण आहोत ते आठवू दे.
नाहीच बोललं तर पोर्टची वीज तोडून पुन्हा दे,
आणि तोवर
ओळ कोरी ठेव.

या शेवटच्या वाक्यापाशी ती बराच वेळ अडली.
कोरी ओळ वर पाठवली की फोन येतात.
फळीवर आधीच्या निरीक्षकाची वही होती,
पीड्रिक नावाच्या माणसाची, पेन्सिलीतली,
तासागणिक आकडे, मेणबत्तीचे डाग.
एका जानेवारीत, पहाटे तीन ते पाच:
झोप लागली.
एवढंच. खाडाखोड नाही.

झाकण मिटलं. थर्मासातला चहा दोघांत एका टोपणातून.
झाकण उघडलं.
एक.
दोन.
चौसष्ट.
हिल्लर बाहेर गेला,
पाण्यातल्या रंगवलेल्या काठीवर टॉर्च मारला,
आणि काचेतून हात वर केला.

तिनं मंगळवारचे एकेचाळीस पुसले, सगळे.
शनिवारी हिल्लरनं तिला तळघरात नेलं.
भिंतीवर, ओल जिथवर चढली होती तिथं,
त्यानं खडूनं रेघ मारून ठेवलेली.
टेपचं एक टोक त्यानं धरलं, एक तिनं.
पायांखाली बटाटे मऊ लागत होते.